भेंडवळचं भाकीत किती वेळा खरं ठरलं? आठवण आणि डेटा यांतला फरक

बुलढाणा जिल्ह्यात कुठल्याही पारावर विचारून बघा, "भेंडवळचं भाकीत खरं ठरतं का?" एकजण म्हणेल शंभर टक्के, दुसरा म्हणेल सगळं थोतांड. दोघंही दोन-तीन वर्षांची उदाहरणं देतील आणि दोघंही प्रामाणिक असतील. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी विचार करावा असा प्रश्न इथूनच सुरू होतो. या उदाहरणांना डेटा म्हणता येईल का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ गावात दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडला जातो. गोलाकार घटात गहू, ज्वारी, तूर, हरभरा, सरकी अशी अठरा धान्यं ठेवतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांच्यावर पाण्याने भरलेली घागर, वर पापड, करंजी, कुरडई वगैरे. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे वाघ घराण्यातले महाराज या सगळ्यात झालेले बदल बघून पाऊस, पिकं आणि इतर बाबींचं भाकीत सांगतात. ही परंपरा किती जुनी? बातम्यांत कधी तीनशे वर्षं येतं, कधी साडेतीनशे. म्हणजे हा आकडाही तोंडी परंपरेतूनच आलेला आहे.

विषय करमणुकीचा नाही. कोरडवाहू शेतकरी साधारण याच दिवसांत कपाशी लावायची की सोयाबीन, बियाणं किती घ्यायचं, उधारी किती करायची हे ठरवत असतो. पाऊस लांबला तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च पुन्हा. त्यामुळे भाकीत कितपत विश्वासार्ह आहे हे नीट तपासण्यासारखं आहे. श्रद्धेची टिंगल न करता आणि पुराव्याला सूटही न देता.

१. आठवण नंतर दुरुस्त होते

सगळ्यात सोपा मार्ग वाटतो सर्वेक्षणाचा. दोनशे शेतकऱ्यांना विचारायचं, "गेल्या दहा वर्षांत किती वेळा भाकीत खरं ठरलं?" इथे अडचण आहे. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर जाण्याआधी बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं, दौऱ्यात अमुक गोष्ट घडण्याची शक्यता किती? दौरे झाल्यावर त्याच विद्यार्थ्यांना स्वतःचे जुने अंदाज आठवायला सांगितले. ज्या गोष्टी घडल्या असं त्यांना वाटत होतं, त्यांच्याबाबत आपण आधी दिलेली शक्यता त्यांना प्रत्यक्षापेक्षा जास्त आठवली. स्वतःचेच अंदाज, तरी आठवताना बदलले! १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून "मला आधीच माहीत होतं" या भावनेला संशोधनात जागा मिळाली. आता पाच वर्षांपूर्वी दुसऱ्याने केलेलं भाकीत, पावसाळा उलटून गेल्यावर, कसं आठवत असेल?

प्रश्नाची भाषाही आठवणीत शिरते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग बघा. मोटार अपघाताची फिल्म दाखवून काहींना विचारलं, गाड्या "धडकल्या" तेव्हा वेग किती होता? काहींना तेच विचारलं, पण शब्द "चुराडा होईल अशा आदळल्या" या अर्थाचा वापरला. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. तरी पहिल्या गटात ५० पैकी ७ जणांनी आणि दुसऱ्या गटात ५० पैकी १६ जणांनी हो म्हटलं. तेव्हा "कोणत्या वर्षी भाकीत तंतोतंत खरं ठरलं?" असा प्रश्न प्रश्नावलीत टाकण्याआधी विचार करा.

२. "साधारण" म्हणजे किती?

भाकितात "पाऊस साधारण", "पीक सर्वसाधारण" असे शब्द असतात. जुलैत सरासरीच्या ८५ टक्के पाऊस पडला, तर भाकीत खरं की खोटं? आधी ठरवलं नसेल तर उत्तर ज्याच्या त्याच्या मनासारखं निघतं.

हवामान विभागाचा "सामान्य" हा शब्दही नीट बघावा लागतो. देशभराच्या मोसमी पावसासाठी सामान्य म्हणजे दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के. जिल्ह्याच्या आकडेवारीत मात्र सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त, इतकं सगळं सामान्यच. म्हणजे तो ८५ टक्के पाऊस जिल्ह्याच्या पट्टीने सामान्य. पट्टी कुठली लावणार, हे पाऊस बघण्याआधी लिहून ठेवायचं.

३. चारही खाने भरा

१८८४ मध्ये अमेरिकेत जॉन फिनली यांनी चक्रीवादळांचे (टोर्नेडोंचे) अंदाज वर्तवले. एकूण अंदाज २८०३. "वादळ येईल" म्हटलं आणि आलं, असं २८ वेळा झालं. येईल म्हटलं पण आलं नाही, ७२ वेळा. येणार नाही म्हटलं आणि आलं, २३ वेळा. येणार नाही म्हटलं आणि आलं नाही, २६८० वेळा. हिशोब केला तर अचूकता ९६.६ टक्के. ऐकायला भारीच! पण गिल्बर्ट यांनी दाखवून दिलं, की रोज डोळे मिटून "वादळ येणार नाही" म्हटलं असतं तरी अचूकता ९८.२ टक्के आली असती.

यातून दोन गोष्टी घ्या. एक, पारावरच्या गप्पांत बहुधा पहिलाच खाना भरलेला असतो: सांगितलं आणि घडलं. बाकीचे तीन कुणी मोजत नाही. दोन, अचूकतेचा आकडा एकटा काही सांगत नाही. दरवर्षी नुसतं "साधारण" म्हणणाऱ्या माणसाशी तुलना करा. त्याच्यापेक्षा भाकीत सरस ठरलं तरच पुढे बोलण्यात अर्थ, नाहीतर ती बोलाफुलाला पडलेली गाठ.

४. पावसाच्या नोंदीलाही मर्यादा आहेत

"आमच्याकडे सरकारी आकडे आहेत" म्हणून निर्धास्त होऊ नका. महसूल मंडळातल्या केंद्रावर मोजलेला पाऊस आसपासच्या बऱ्याच गावांचा धरला जातो. केंद्रावर ७० मिमी आणि चार किलोमीटरवरचं शिवार कोरडं, असं घडू शकतं. २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी, या निकषावर नुकसानभरपाई ठरते तेव्हा हा फरक शेतकऱ्याला चांगलाच जाणवतो. म्हणून भाकीत कुठल्या भागासाठी धरायचं आणि नोंद कुठल्या केंद्राची घ्यायची, हेही आधीच ठरवा.

मग अभ्यास कसा कराल?

सुदैवाने इथे आठवणीवर विसंबायची गरज नाही. भाकीत वर्तमानपत्रांत छापून येतं, तारखेसकट. म्हणजे पावसाळ्याआधीची लेखी नोंद आयती मिळते.

- शक्य तितक्या वर्षांची, एकाहून जास्त वर्तमानपत्रांतली कात्रणं गोळा करा. बातम्यांत फरक असेल तर तोही नोंदवा.
- जून ते सप्टेंबर, प्रत्येक महिन्याचं भाकीत "कमी, साधारण, जास्त" यांत बसवा. हे काम पावसाचे आकडे न पाहिलेल्या दोघांनी वेगवेगळं करावं.
- कुठेच बसत नाही असं भाकीत "तपासता येत नाही" या रकान्यात टाका. ते खरंही धरू नका, खोटंही.
- नियम, पट्टी आणि केंद्र लिहून, तारीख टाकून मार्गदर्शकांना ईमेल करा. त्यानंतरच पावसाची आकडेवारी उघडा.
- निकाल काहीही येवो, सगळी वर्षं दाखवा.

मग शेतकऱ्यांच्या आठवणी टाकाऊ का? अजिबात नाही. "भाकितावर लोकांचा विश्वास का आहे, पेरणी ठरवताना ते त्याला किती वजन देतात" हा तुमचा प्रश्न असेल, तर त्यांच्या आठवणी हाच तुमचा मुख्य डेटा. पण "भाकीत किती अचूक" या प्रश्नाला कात्रणं आणि पर्जन्यमापकच लागतात. सारांश लिहायला घेण्याआधी आपला प्रश्न यातला नेमका कुठला, ते एका वाक्यात लिहून बघा. दोन्ही प्रश्न त्या एका वाक्यात शिरले असतील, तर दोन वेगळे अभ्यास करावे लागतील.