कायदा खोली शोधत राहिला

कापूस यवतमाळचा आणि आकडा न्यूयॉर्कचा, असा एक काळ होता. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजमध्ये बाजार उघडताना आणि बंद होताना निघणारे भाव तारेने मुंबईत यायचे आणि त्यांच्या आकड्यांवर पैसे लागायचे. वऱ्हाडातला शेतकरी त्याच कापसाच्या भावासाठी आभाळाकडे डोळे लावून बसायचा, मुंबईतला सटोडिया मात्र बोंड न पाहताच मालामाल किंवा कंगाल व्हायचा. १९६१ मध्ये न्यूयॉर्कने हे भाव पाठवणं थांबवलं. सट्टेवाल्यांनी मग कापूस सोडला, आकडा ठेवला. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी मुंबईत मटका सुरू केला. विदर्भात तो ‘वरली’ किंवा ‘सट्टापट्टी’ म्हणून पानटपरीपर्यंत पोचला.

या साऱ्याला आवरायला कायदा होता तो १८८७ चा. मुंबई प्रांताचा हा जुगार प्रतिबंधक कायदा आज महाराष्ट्राच्या नावाने यवतमाळातही चालतो. त्याच्या नजरेसमोर एक खोली आहे: आत चटई, चटईवर पत्ते, आणि डावातला आपला हिस्सा, म्हणजे नाल, काढणारा घरमालक. पोलिसांनी धाड घालावी, साहित्य जप्त करावं, आत सापडलेला प्रत्येक जण जुगार खेळायलाच आला होता असं धरून चालावं, अशी त्याची रचना. रस्त्यावर पट्टी लिहिणाऱ्यासाठी कलम १२ आहे. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत ते ‘१२ (अ)’ म्हणून इतक्या वेळा छापून आलं आहे की वाचकांना पाठ असावं. वणी, मारेगाव, झरी-जामणीच्या पट्ट्यात कोंबडबाजार भरतो. कोंबड्याच्या पायाला लोखंडी काती बांधतात आणि भोवती पैसा फिरतो. तिथेही हाच कायदा लागतो, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा दुसरा त्याच्या जोडीला.

मैदानात खेळणाऱ्या माणसाचा विचार मात्र यात कुठेच नव्हता. कोंबड्याला कोण विचारणार? आणि माणसं खेळतात त्या खेळावर इतका पैसा लागेल, हे १८८७ मध्ये कोणाच्या स्वप्नात यायचं कारण नव्हतं.

मैदानातला माणूस पहिल्यांदा ठळक दिसला तो यवतमाळपासून दीडशे किलोमीटरवर. १९ मार्च २००० रोजी नागपूरला भारत-दक्षिण आफ्रिका एकदिवसीय सामना झाला. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने संघातल्या हर्शल गिब्जला १५ हजार डॉलर देऊ केले होते, वीसच्या आत बाद होण्यासाठी. गिब्ज खेळायला लागला आणि बोलणं विसरला की काय कोण जाणे, त्याने ७४ काढल्या. गोलंदाज हेन्री विल्यम्सने पन्नासहून जास्त धावा द्यायच्या होत्या. दुसऱ्याच षटकात त्याचा खांदा दुखावला. ठरल्यातलं काहीच धड झालं नाही, दक्षिण आफ्रिकेने सामना १० धावांनी जिंकला. तरी दोघांवर सहा महिन्यांची बंदी आली आणि क्रोनिएवर आजन्म. एप्रिलमध्ये दिल्ली पोलिसांनी फोनवरची बोलणी उघड केली नसती, तर नागपूरकरांनी ही लढत एक चुरशीचा सामना म्हणूनच लक्षात ठेवली असती.

सात वर्षांनी पुन्हा नागपूर. २१ जानेवारी २००७ च्या सामन्याआधी वेस्ट इंडीजच्या मार्लन सॅम्युअल्सचं एका बुकीशी झालेलं बोलणं नागपूर पोलिसांनी टेप केलं. विषय होता संघाची आतली माहिती, कोण कधी गोलंदाजी टाकणार वगैरे. २००८ च्या मे महिन्यात त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. कॉलेजच्या पोरांनी नागपूरच्या या दोन प्रकरणांतलं दुसरं नीट वाचावं. पैसे घेऊन कमी धावा काढणं हा गुन्हा आहे हे कोणालाही कळतं. ड्रेसिंग रूममधली गोष्ट मित्राला फोनवर सांगणं हाही गुन्हा ठरू शकतो, हे कळायला वेळ लागतो.

२००८ मध्ये आयपीएल आली आणि धंद्याला हंगाम मिळाला. यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, कुठेही एप्रिल-मेमधली पोलीस डायरी एकाच शब्दाभोवती फिरू लागली: लगवाडी-खायवाडी. लावणारा लगवाडी करतो, घेणारा खायवाडी. आता खोलीत पत्ते नव्हते. टीव्ही, लॅपटॉप आणि रांगेने मांडलेले मोबाइल होते. धाड मात्र जुन्याच कायद्याखाली.

१६ मे २०१३ रोजी राजस्थान रॉयल्सचे तीन खेळाडू स्पॉट फिक्सिंगच्या आरोपावरून पकडले गेले. त्यांत मुंबईचा फिरकीपटू अंकित चव्हाण होता. दिल्ली पोलिसांना खेळातल्या फसवणुकीसाठी स्वतंत्र कायदा सापडेना, म्हणून त्यांनी संघटित गुन्हेगारीसाठी महाराष्ट्राने केलेला मकोका लावला. तो टिकला नाही. २०१५ च्या जुलैमध्ये न्यायालयाने ३६ आरोपींना आरोपमुक्त केलं. क्रिकेट मंडळाची आजन्म बंदी मात्र कायम राहिली. अंकितची ती २०२१ मध्ये सात वर्षांवर आली. त्याच प्रकरणात सिद्धार्थ त्रिवेदी एक वर्ष बाहेर बसला, तेही पैसे घेतले म्हणून नव्हे, त्याच्याशी कोणी संपर्क साधला हे त्याने कळवलं नाही म्हणून. न्यायालय आणि मंडळ ही दोन वेगळी दारं आहेत, एकातून सुटलेला दुसऱ्यात अडकू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने २०१६ मध्ये सट्टा कायदेशीर करावा, पण खेळाडू आणि पदाधिकाऱ्यांना त्यापासून लांब ठेवावं, असं सुचवलं. २०१८ मध्ये विधी आयोगाने आपल्या २७६ व्या अहवालात हाच विषय पुन्हा चघळला. पुढे कपाट.

दरम्यान खोली खिशात आली. १८८७ च्या कायद्यात ‘केवळ कौशल्याचा खेळ’ वगळलेला आहे, त्या फटीतून फँटसी अ‍ॅप आत शिरली. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम-११ चा खेळ कौशल्याचा ठरवला. मग वसतिगृहात रात्री अकरा जणांचा संघ निवडणारा पोरगा स्वतःला जुगारी का म्हणेल? तो तर अभ्यास करत होता, फक्त विषय चुकीचा होता.

२०२२ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावात जे घडलं ते विनोदी वाटलं तरी वऱ्हाडाने हसू नये. शेतात मैदान आखलं, शेतमजूर आणि बेरोजगार पोरांना आयपीएलच्या जर्सी चढवल्या, एका सामन्याचे ४०० रुपये दिले आणि यूट्यूबवर ती ‘आयपीएल’ रशियातल्या सट्टेबाजांना दाखवली. पंचाच्या हाती वॉकीटॉकी. आता चौकार हवा, आता विकेट, असे हुकूम त्यावर येत. यवतमाळातही टेनिस बॉलच्या रात्रीच्या स्पर्धा रोख बक्षिसांच्या असतात आणि मोबाइलवर थेट दाखवल्या जातात. खेळणारे बहुतेक कॉलेजचेच. कोणत्या कॅमेऱ्यामागे कोण बसलं आहे, हे कॅमेऱ्यासमोरच्या पोराला कसं कळावं?

कॉलेजच्या खेळाडूने पैसे लावावेत की नाही, याचे नियम अमेरिकेतही एका जागी टिकत नाहीत. तिथल्या विद्यापीठीय खेळांची संघटना एनसीएए राज्यांनी सट्टा खुला करण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली आणि १४ मे २०१८ रोजी हरली. व्यावसायिक खेळांवर खेळाडूंना पैसे लावू द्यावेत, असं तिनेच २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ठरवलं आणि नोव्हेंबरमध्ये मागे घेतलं. तिथे निदान भांडायला नियम तरी आहे.

इकडे संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या संघात निवडलेला धावपटू किंवा कबड्डीपटू पात्रतेच्या कागदात वय, प्रवेश, मागच्या परीक्षेचा निकाल भरतो. क्रिकेट मंडळाची भ्रष्टाचारविरोधी संहिता क्रिकेटपटूला लागू होते तीही मंडळाच्या स्पर्धेत पाय ठेवल्यावर. आणि तो पाय पडायला वेळ लागत नाही. नागपूरला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेल्या रजनीश गुरबानीने २०१७-१८ च्या रणजी अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेतली आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ पहिल्यांदा विजेता झाला. कॉलेजच्या मैदानापासून रणजीपर्यंतचं अंतर एवढंच. गावातल्या सट्टेवाल्याशी असलेली दोस्ती मंडळाच्या दारात जाऊन थोडीच तुटते?

२२ ऑगस्ट २०२५ रोजी ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैशाचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. ड्रीम-११ ने भारतीय संघाच्या जर्सीवरून नाव काढून घेतलं. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. १८८७ च्या कायद्यात आहे. म्हणजे अ‍ॅपवर हरलेला पोरगा बळी ठरतो आणि पानटपरीवर आयपीएलची लगवाडी करणारा त्याचाच मित्र आरोपी.

राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि पहाटे यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर धावणाऱ्या कित्येकांची नजर त्यावर, विशेषतः पोलीस भरतीवर असते. निवड झाल्यावर एक साक्षांकन नमुना भरावा लागतो. कधी गुन्हा दाखल झाला होता का, असा एक रकाना त्यात असतो.