सापाचं डोकं पाठीवर वागवणारा भेक

कांगोच्या पूर्वेकडच्या सखल वर्षावनात पाचोळ्यावर काहीतरी पडलेलं दिसतं. रुंद, त्रिकोणी, वरून फिकट पिवळसर, कडांना एकदम गडद तपकिरी. मधोमध एक बारीक काळसर रेघ. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, कारण हे तर गॅबून व्हायपरचं डोकं! आपल्या घोणसच्या कुळातला हा साप. त्याचे विषदंत पाच सेंटीमीटरपर्यंत वाढतात; जगातल्या कुठल्याही सापाचे एवढे लांब नसतात.

पण या डोक्याला चार पाय आहेत. तो एक भेक आहे.

बेट्सीय अनुकरण, म्हणजे निरुपद्रवी जिवानं घातक जिवाचं रूप घेणं, आपल्याकडेही आहे. बिनविषारी कवड्या मण्यारीसारखा दिसतो, हे गावातली पोरंही सांगतील. पण तिथे साप सापासारखा दिसतो. इथे भेकाचं अख्खं धड सापाच्या नुसत्या डोक्याएवढं होऊन बसलंय! एरवी भेकाची कातडी खरखरीत, फोडांनी भरलेली असते. याची मात्र गुळगुळीत. पाठीवरचे दोन गडद ठिपकेसुद्धा सापाच्या डोक्यावरच्या ठिपक्यांशी जुळतात.

नक्कल रूपावर थांबत नाही. डिवचलं की हा भेक फुग्यातून हळूहळू हवा सुटावी तसा फुत्कारतो. व्हायपरही चावण्याआधी मोठ्यानं फुत्कारतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कांगोत फिरलेले अमेरिकी निसर्गतज्ज्ञ जेम्स चॅपिन यांनी तर त्याला पुढचे पाय आखडून अंग खाली झुकवताना पाहिलं होतं. दंशासाठी सज्ज झालेला साप डोकं असंच धरतो.

म्हणजे या भेकाचं आयुष्य दुसऱ्यांनी त्याला चुकीचं ओळखण्यावर तोललेलं आहे. आणि मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट ही, की शास्त्रानंही त्याला दीर्घकाळ वेगळं ओळखलं नव्हतं. 1888मध्ये वर्णन झालेल्या सुपरसिलियारिस या जातीतच तो गणला जाई. संग्रहालयांतले जुने नमुने पुन्हा काढून, मोजमापं आणि डीएनए ताडून, 2011मध्ये तो स्वतंत्र ठरला. आफ्रिकी उभयचरांचे अभ्यासक ॲलन चॅनिंग यांच्यावरून त्याला चॅनिंगी हे नाव मिळालं. आजचं पूर्ण नाव स्क्लेरोफ्रिस चॅनिंगी.

या नकलेची सविस्तर मांडणी 2019मध्ये एली ग्रीनबॉम, चिफुंडेरा कुसाम्बा आणि सहकाऱ्यांनी केली. त्यामागे कांगोतली दहाएक वर्षांची भटकंती होती. हा भेक जिथे राहतो त्या भागात तो सापही राहतो, हा त्यांचा भक्कम पुरावा. भक्षक खरंच फसतात का, हे मात्र त्या घनदाट जंगलात प्रत्यक्ष पाहणं फार कठीण. ते अजून व्हायचं आहे.