किती फर्मे?

हस्तलिखित हातात आलं की छापखान्यातला जुना माणूस मजकुराविषयी काही विचारत नाही. तो विचारतो, किती फर्मे होतील? फर्मा म्हणजे एका कागदावर एकदम छापून निघणारी पानं. डेमी एक अष्टमांश पुस्तक कापून साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच भरतं, आणि त्याचा फर्मा १६ पानांचा. १६० पानांचे दहा फर्मे नेमके बसतात. १६३ झाली की अर्धा फर्मा वाढवावा लागतो आणि पाच पानं कोरी उरतात. मराठी पुस्तकांच्या शेवटी 'लेखकाची अन्य पुस्तकं' अशी जी लांबलचक यादी असते, तिचं श्रेय बऱ्याचदा या उरलेल्या पानांना द्यायला हवं.

थोड्या शब्दांना जास्त पानं लागतात, म्हणून या हिशोबात कविता सर्वांत महाग पडते. तरीही १८८७ मध्ये जळगावात नारायण नरसिंह फडणीस यांनी फक्त कवितेला वाहिलेलं 'काव्यरत्नावली' हे मासिक काढलं आणि कित्येक वर्षं नेटाने चालवलं. मुंबई-पुणे सोडून खानदेशात असा उद्योग मांडणं हे मला आजही धाडसाचं वाटतं. १९०७ मध्ये जळगावात कविसंमेलन भरलं आणि धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमऱ्यांना 'बालकवी' हे नाव तिथेच मिळालं. साहित्याच्या इतिहासात हे सगळं आहे. मात्र त्या ओळी शिशात जुळवणारे हात त्यात नाहीत.

कंपोझिटर एका हातात स्टिक धरायचा आणि दुसऱ्या हाताने केसच्या खणांतून एकेक खिळा, म्हणजे शिशाचं अक्षर, उचलायचा. अक्षर उलटं असायचं, म्हणून वाचनही उलटं. गद्याची ओळ शब्दांमधल्या जागा कमीजास्त करून दोन्ही कडांना भिडवता यायची. कवितेची ओळ मध्येच संपते, पण पुढची जागा मोकळी सोडली तर खिळे घसरायचे. ती क्वाडने, म्हणजे अक्षर नसलेल्या ठोकळ्यांनी भरावी लागायची. वाचकाला जो पांढरा कागद दिसतो, तिथे छापखान्यात शिसं भरलेलं असायचं. ओळी दाटल्या तर मधे शिशाच्या पातळ पट्ट्या, लेड, घालायच्या. त्याचंच नाव आज संगणकावर लीडिंग झालं आहे. मापही जवळपास तेच राहिलं: ७२ पॉइंटांचा इंच, १२ पॉइंटांचा पायका.

देवनागरीची कटकट आणखी वेगळी. डिग्री पद्धतीत वेलांटी आणि मात्रा अक्षराच्या वर, उकार खाली, असे तुकडे स्वतंत्र बसवायचे. अखंड पद्धतीत अक्षर मात्रेसकट एकाच खिळ्यात. अखंडात जुळणी सोपी, पण खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी वाढायचे आणि केस अवाढव्य व्हायची.

खानदेशातल्याच धुळ्याचा छापील वारसा निराळा. शंकर श्रीकृष्ण देवांनी तिथे सत्कार्योत्तेजक सभा उभी केली आणि १९०५ मध्ये समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हस्तलिखितावरून दासबोध छापून काढला. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या निधनानंतर, १९२७ मध्ये, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळही धुळ्यातच स्थापन झालं. जुन्या पोथ्या आणि कागदपत्रं छापायची म्हटली की पानाला मजले चढतात: वर मूळ मजकूर, खाली बारीक टाइपात पाठभेद आणि टिपा. टीप ज्या पानावर आहे तिथेच संपली पाहिजे. शिशाच्या जुळणीत ती पुढे सरकली की मागची पानं उकलून पुन्हा बांधावी लागायची.

डीटीपीवर, म्हणजे संगणकावरच्या जुळणीत, हे सगळं क्षणात होतं. पुन्हा बांधण्याची भीती गेली, त्याबरोबर प्रूफ दोनदा वाचण्याची सवयही गेली. माझ्या मते हा तोटा शिसं जाण्यापेक्षा मोठा आहे.

प्रूफ नीट का वाचावं, ते जळगावच्या बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांवरून कळतं. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांनी छापखान्यावरही कविता रचली आहे. छापून झालं की कोरा कागद शहाणा होतो, माणूस मात्र तसाच राहतो, अशी त्या कवितेची टोच आहे. त्यांची गाणी १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतरच्या वर्षी, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकात आली. त्यांच्या खानदेशी बोलीत 'ळ'च्या जागी 'य' येतो, डोळ्याचा 'डोया' होतो. प्रमाण मराठीत मुरलेल्या मुद्रितशोधकाची पेन्सिल अशा शब्दाकडे आपसूक वळते. म्हणून या पुस्तकाचं प्रूफ वाचायला खानदेशी कानाचा माणूस बसवावा, आणि तो मिळाला नाही तर निदान मागची आवृत्ती शेजारी उघडी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावं.