दहा हजार वेळा, पंचेचाळीस सेकंद
(अदृश्य लहरी : लेखांक ६)

मोबाइल टॉवरचं प्रकरण गेल्या आठवड्यात संपवलं. आता गच्चीवरून खाली उतरून विजेच्या मीटरकडे येऊ.

डिसेंबर २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत स्मार्ट मीटर बसवायला निघालेल्या गाड्या लोकांनी अडवल्या. दोन महिला रस्त्यातून हटेनात, तेव्हा त्यांना अटक झाली. मीटर ‘पीजी अँड ई’ या वीज कंपनीचे. त्यांतल्या रेडिओलहरींनी डोकं दुखतं, झोप उडते, उद्या कॅन्सरही होईल, अशी लोकांची धास्ती.

या मीटरच्या पोटात एक छोटा ट्रान्समीटर असतो. सुमारे ९०० मेगाहर्ट्झवर चालणारा, एक वॅटच्या आसपास ताकदीचा. एक मीटर आपलं रीडिंग शेजारच्याला देतो, तो पुढच्याला, आणि असं हातोहात ते कंपनीपर्यंत पोचतं. म्हणजे तुमचा मीटर गल्लीतल्या इतरांचे निरोपही वाहतो.

असा तो दिवसातून किती वेळा बोलतो? नियामक आयोगाच्या प्रक्रियेत २०११ मध्ये कंपनीला आकडे द्यावे लागले : सरासरी सुमारे दहा हजार वेळा, आणि काही मीटर तर एक लाख नव्वद हजार वेळांपर्यंत. विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. पण त्याच कागदात दुसराही आकडा होता. हे सगळं बोलणं एकत्र केलं तर दिवसाला सरासरी ४५ सेकंद. प्रत्येक निरोप काही मिलिसेकंदांचा. दोन्ही आकडे खरे. ज्याला जो सोयीचा, त्यानं तो उचलला.

आपण हिशेबच मांडू. एक वॅट चहूबाजूंना सारखा पसरला तर एक मीटर अंतरावर दर चौरस मीटरला ०.०८ वॅट पडतो. अमेरिकेतली मर्यादा ६ वॅटची. अँटेना एका दिशेला जास्त जोर लावते, म्हणून तिप्पट धरा. तरी तो पंचविसावा हिस्सा झाला. आणि हेही कधी, तर मीटर चोवीस तास अखंड बडबडत राहिला तर! प्रत्यक्षात तो पाऊण मिनिट बोलतो. शिवाय अंतर दुप्पट केलं की मारा चौथ्या हिश्श्यावर येतो.

यावर जाणकार विरोधकांचं म्हणणं असं, की ही मर्यादा शरीर किती तापतं यावरून ठरवली आहे. न तापवता होणाऱ्या परिणामांचं काय? प्रश्न रास्त आहे. मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं रेडिओलहरींना ‘कदाचित कर्ककारक’ या गटात टाकलं, त्याचा आधार घेतला जातो. तो मर्यादित पुरावा मात्र कानाला मोबाइल लावणाऱ्यांचा होता. आसपासच्या वातावरणातल्या लहरींबाबतचा पुरावा त्याच संस्थेनं अपुरा ठरवला.

मग डोकं दुखतं ते? ते खरंच दुखतं. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये अशा ३१ प्रयोगांचा आढावा घेतला. लहरींचा त्रास होतो म्हणणाऱ्यांना यंत्र चालू आहे की बंद, हे ओळखता आल्याचा भक्कम पुरावा निघाला नाही, आणि लुटुपुटूच्या यंत्रानंही लोकांना त्रास झाला. लहर असो वा नसो, ती सुरू आहे ही समजूत पुरेशी ठरते.

समजूत इतकी घट्ट का झाली, याचं उत्तर मला भौतिकशास्त्रात नव्हे, त्या दोन वर्षांत दिसतं. २००९ मध्ये बेकर्सफील्डमध्ये नवे मीटर आले आणि बिलं फुगली म्हणून लोक कोर्टात गेले. सप्टेंबर २०१० मध्ये सॅन ब्रुनोत याच कंपनीची गॅसवाहिनी फुटून आठ जण मेले. नोव्हेंबरात कंपनीच्या स्मार्ट मीटर विभागाचा प्रमुखच खोटं नाव घेऊन विरोधकांच्या ऑनलाइन गटात शिरताना पकडला गेला. अशा घरातून ‘काळजी नसावी’ असा निरोप आला तर कोण मानेल? फेब्रुवारी २०१२ मध्ये नियामकानं जुना मीटर ठेवायची मुभा दिली. सुरुवातीला ७५ डॉलर, पुढे महिन्याला १०. नको ते न घेण्याचे पैसे!

आपल्याकडचं भांडण अजून बेकर्सफील्डच्या टप्प्यावर आहे : वाढीव बिल आणि प्रीपेडची धास्ती. जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असं राज्य सरकारनं सांगितलं, तेही याच रोषामुळे. लहरींचं म्हणाल, तर भारतात टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश, ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला ०.४५ वॅट. वरच्या हिशेबातला अखंड बडबडणारा मीटर तिप्पट जोर धरूनही तिच्यात बसतो.

फ्रान्सनं मात्र २०१५ मध्ये कायदा करून तीन वर्षांखालच्या मुलांच्या पाळणाघरांतल्या खोल्यांत वायफायला बंदी घातली. ती कशाच्या बळावर, ते पुढच्या आठवड्यात.