होकाराचे मत आणि नकाराचे मत : जनादेशाच्या अर्थाचा एक विचार

प्रस्तावना

निवडणुकीत मतदार एका उमेदवाराच्या नावासमोर आपली पसंती नोंदवतो. ही पसंती मोजता येते. परंतु तिच्यामागील हेतू मतपेटीत पडत नाही. एखाद्या उमेदवाराच्या विचारांनी वा कर्तृत्वाने प्रेरित होऊन दिलेले मत आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याला सत्तेपासून दूर ठेवण्यासाठी दिलेले मत, ही दोन्ही मोजणीच्या वेळी सारखीच ठरतात. निकालानंतर मात्र विजयी पक्ष या सर्व मतांना आपल्या कार्यक्रमाला मिळालेला कौल असे संबोधतो. मतदाराने जे सांगितले आणि विजेत्याने जे ऐकले, त्यांतील अंतर येथूनच सुरू होते.

प्रस्तुत लेखात या दोन प्रकारच्या मतांचे स्वरूप स्पष्ट करून, नकाराच्या मतातून कोणता जनादेश मिळतो व कोणता मिळत नाही, याचे विवेचन केले आहे. त्यासाठी १९७१ ते १९८० या काळातील भारतातील लोकसभा निवडणुका आणि २००२ नंतरच्या फ्रान्समधील अध्यक्षीय निवडणुका ही उदाहरणे घेतली आहेत.

संकल्पनांचे स्वरूप

सर्वसाधारणपणे होकाराचे मत श्रेष्ठ आणि नकाराचे मत कनिष्ठ मानले जाते. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ ही म्हण मतदानाच्या चर्चेत बहुधा खेदानेच उच्चारली जाते. राज्यशास्त्रातील विचार मात्र इतका सरळ नाही. अमेरिकन अभ्यासक व्ही. ओ. की यांनी १९६६ मध्ये आणि मॉरिस फिओरिना यांनी १९८१ मध्ये असे दाखवून दिले, की अनेक मतदार भावी आश्वासनांपेक्षा मागील कारभाराचा हिशेब करून मत देतात. कारभार असमाधानकारक वाटला तर ते सत्ताधाऱ्यास दूर करतात. विल्यम रायकर यांनी १९८२ मध्ये त्याही पुढे जाऊन असे प्रतिपादन केले, की मतांच्या बेरजेतून ‘लोकेच्छा’ नावाचा एकच सुसंगत आशय निघत नाही. नको असलेल्या राज्यकर्त्याला दूर करता येणे, हेच निवडणुकीचे खरे मोल होय. या दृष्टीने नकाराचे मत हा लोकशाहीचा दोष नसून तिचे संरक्षक अंग ठरते.

दुसऱ्या बाजूस, प्रेरणेने दिलेल्या मताचेही स्वतःचे धोके आहेत. मॅक्स वेबर यांनी वर्णिलेली दिव्यवलयी सत्ता नेत्याच्या व्यक्तिमत्त्वावरील विश्वासातून निर्माण होते. अशा विश्वासाला मर्यादा घालणे कठीण असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात राजकारणातील भक्तीविषयी स्पष्ट इशारा दिला होता. धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असू शकेल, राजकारणात मात्र ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय होता. म्हणजेच होकारातही मतदाराने काही राखून ठेवावे, अशी अपेक्षा भारतीय संविधानाच्या शिल्पकारांनी आरंभीच व्यक्त केली होती.

होकार ते नकार : १९७१ ते १९७७

१९७१ ची लोकसभा निवडणूक या दोन भूमिकांचा थेट सामना होती. संघटना काँग्रेस, जनसंघ, स्वतंत्र पक्ष आणि संयुक्त समाजवादी पक्ष यांच्या आघाडीने ‘इंदिरा हटाओ’ ही घोषणा दिली. श्रीमती इंदिरा गांधी यांनी ‘गरिबी हटाओ’ या घोषणेने तिला उत्तर दिले. एका बाजूस केवळ विरोध होता, दुसऱ्या बाजूस एक स्वप्न होते. मतदारांनी स्वप्नाची निवड केली आणि ५१८ पैकी ३५२ जागा काँग्रेसला मिळाल्या. ज्या विरोधास जनतेच्या अनुभवाचा आधार नसतो तो मतदाराला हलवू शकत नाही, हा या निकालाचा एक अर्थ होय.

पुढील चार वर्षांत दुष्काळ, महागाई आणि बेरोजगारी यांनी त्या स्वप्नाला तडे गेले. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधी यांची रायबरेलीतील निवड रद्द ठरविली आणि २५ जूनच्या रात्री आणीबाणी घोषित झाली. त्यानंतरची स्थानबद्धता, वृत्तपत्रांवरील नियंत्रण आणि सक्तीची नसबंदी यांचा अनुभव मार्च १९७७ च्या निवडणुकीत मतांतून प्रकट झाला. उत्तर प्रदेशातील ८५ आणि बिहारमधील ५४ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. आंध्र प्रदेशात मात्र ४२ पैकी ४१ जागा तिने जिंकल्या. जेथे सक्तीचा अनुभव तीव्र होता तेथे नकारही तीव्र होता. यावरून नकाराचे मत हे अविचारी संतापाचे नसून अनुभवाशी जोडलेले असते, हे लक्षात येते.

या निवडणुकीची आणखी दोन वैशिष्ट्ये नोंदविणे आवश्यक आहे. जनता पक्ष इतका नवा होता, की त्याचे बहुतेक उमेदवार भारतीय लोकदलाच्या चिन्हावर लढले. जनतेला प्रेरणा देणारे जयप्रकाश नारायण स्वतः उमेदवार नव्हते. पंतप्रधान कोण होणार, हे मतदानाच्या दिवशी ठरलेले नव्हते. निकालानंतर जयप्रकाश नारायण आणि आचार्य कृपलानी यांच्यावर ही निवड सोपविण्यात आली व मोरारजी देसाई यांचे नाव पुढे आले. कोण नको हे मतदारास पूर्ण ठाऊक होते, कोण हवे हे मात्र त्याला विचारलेच गेले नव्हते.

नकाराच्या जनादेशाची व्याप्ती

जनता सरकारचे मूल्यमापन बहुधा त्याच्या कलहांवरून केले जाते. दुहेरी सदस्यत्वाचा वाद, नेत्यांमधील स्पर्धा, जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई यांचा राजीनामा आणि लोकसभेला सामोरे न जाताच पायउतार झालेले चरणसिंग सरकार, हा घटनाक्रम सर्वपरिचित आहे. परंतु त्याच सरकारच्या काळात ४४ वी घटनादुरुस्ती झाली. आणीबाणीसाठी ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण वगळून ‘सशस्त्र बंड’ असे कारण घालण्यात आले. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय अनिवार्य झाला. जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा अधिकार आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद झाली. आणि लोकसभेची मुदत सहा वर्षांवरून पुन्हा पाच वर्षांवर आणली गेली.

यातून एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. जे रद्द करण्यासाठी मतदारांनी मत दिले होते, त्याबाबत या सरकारला निःसंदिग्ध जनादेश होता आणि तो त्याने पारही पाडला. त्यापलीकडील आर्थिक धोरण, नेतृत्व आणि पक्षरचना यांविषयी मतदारांनी काहीच सांगितले नव्हते. सरकार कोसळले ते याच प्रदेशात. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी ३५३ जागांसह सत्तेवर परतल्या. तथापि ४४ व्या दुरुस्तीने उभारलेली ही बंधने कायम राहिली. व्यक्ती परत आली, पण जे नाकारले गेले होते ते परत आले नाही. नकाराचे मत अल्पजीवी असते, असे सरसकट म्हणणे म्हणूनच योग्य नव्हे. त्याची व्याप्ती लहान असते; त्या व्याप्तीत मात्र ते टिकाऊ ठरू शकते.

फ्रान्स : दोन फेऱ्यांतील दोन मते

भारतात एकाच मताने निवड आणि नकार ही दोन्ही कामे करावी लागतात. फ्रान्समधील अध्यक्षीय निवडणुकीत दोन फेऱ्या असल्यामुळे ही कामे काही प्रमाणात वेगळी होतात. पहिल्या फेरीत निवड करायची आणि दुसऱ्या फेरीत वगळायचे, अशी तेथील रूढ समजूत आहे. त्यामुळे होकार किती आणि नकार किती, याचा अंदाज आकड्यांतूनच बांधता येतो.

२१ एप्रिल २००२ रोजी झालेल्या पहिल्या फेरीत १६ उमेदवार होते. अध्यक्ष जॅक शिराक यांना १९.८८ टक्के, अतिउजव्या पक्षाचे ज्याँ-मारी ल पेन यांना १६.८६ टक्के, तर समाजवादी पंतप्रधान लिओनेल जोस्पाँ यांना १६.१८ टक्के मते मिळाली. दोन लाखांपेक्षा कमी मतांच्या फरकाने डावा पक्ष अंतिम स्पर्धेतून बाहेर पडला. ५ मे रोजीच्या दुसऱ्या फेरीत शिराक यांना ८२.२१ टक्के मते मिळाली. चौदा दिवसांत सुमारे ५७ लाख मतांची सुमारे अडीच कोटी मते झाली. ही वाढ शिराक यांच्याविषयीच्या प्रेमातून आलेली नव्हती. डाव्या पक्षांच्या समर्थकांनी ल पेन यांना रोखण्यासाठी आपल्या जुन्या विरोधकास मत दिले होते.

या मतांत डाव्या मतदारांचा वाटा मोठा असूनही पुढील सरकार उजव्या पक्षाचेच बनले. मे २००५ मध्ये युरोपीय संविधानाच्या कराराला शिराक यांनी पाठिंबा मागितला, तेव्हा सुमारे ५५ टक्के मतदारांनी तो नाकारला. २००६ मध्ये तरुण कामगारांच्या नोकरीविषयीचा वादग्रस्त कायदा प्रचंड आंदोलनांमुळे मागे घ्यावा लागला. या प्रत्येक घटनेची कारणे वेगळी आहेत. तथापि ८२ टक्के हा शिराक यांच्या कार्यक्रमाला मिळालेला पाठिंबा नव्हता, हे त्यांतून दिसून येते.

पुढे मरीन ल पेन यांच्याविरुद्ध इमॅन्युएल मॅक्रॉन यांना २०१७ मध्ये ६६.१० टक्के आणि २०२२ मध्ये ५८.५५ टक्के मते मिळाली. २०१७ च्या दुसऱ्या फेरीत सुमारे ४० लाख मतपत्रिका कोऱ्या वा बाद होत्या. २०२२ च्या विजयानंतर अनेकांनी आपल्या विचारांसाठी नव्हे, तर अतिउजव्यांना रोखण्यासाठी मत दिले, हे मॅक्रॉन यांनी स्वतःच मान्य केले. त्यानंतर दोनच महिन्यांत त्यांच्या आघाडीने संसदेतील स्पष्ट बहुमत गमावले आणि २०२३ मध्ये निवृत्तिवेतनाचा कायदा थेट मतदान टाळून संमत करावा लागला. रोखण्यासाठीचे मत पुन्हा पुन्हा मागितले गेले आणि प्रत्येक वेळी विजयातील अंतर कमी होत गेले. नकाराची शक्ती अक्षय नसते. ती मिळाल्यानंतर होकाराचे कारण निर्माण केले गेले नाही, तर ती झिजत जाते.

नकार आणि ‘नोटा’

प्रतिस्पर्ध्याविरुद्धचे मत आणि ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय यांत गल्लत होऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ मधील निर्णयाने भारतात ‘नोटा’ उपलब्ध झाला. लोकसभा व विधानसभा निवडणुकांत त्याचा निकालावर परिणाम होत नाही. महाराष्ट्रात २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात ‘नोटा’ला दुसऱ्या क्रमांकाची मते मिळाली, तरीही विजेत्याच्या स्थानाला त्याने बाधा आली नाही. ‘नोटा’ सर्वांविषयीचा असंतोष नोंदवतो. विरोधातील मत मात्र धोक्यांची तुलना करून एकाची निवड करते. म्हणून त्यात जबाबदारी अधिक असते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की होकाराचे आणि नकाराचे मत यांत नैतिक श्रेणी लावण्यापेक्षा त्यांच्या आशयातील भेद ओळखणे अधिक उपयुक्त आहे. होकाराचे मत पुढे काय करावे हे सांगते. परंतु भक्तीत परिवर्तित झाल्यास ते देखरेख सोडून देते. नकाराचे मत काय होऊ नये हे सांगते. त्यापुरता त्याचा आदेश स्पष्ट असतो आणि त्यापलीकडे ते मौन पाळते. या मौनालाच संमती मानणे ही विजेत्याची चूक होय, आणि मतदानानंतर आपले काम संपले असे मानणे ही मतदाराची.

महाविद्यालयात प्रथमच मतदानास पात्र झालेला विद्यार्थी अनेकदा विचारतो, की एकही उमेदवार प्रेरणा देत नसेल तर मत का द्यावे? १९७७ चा अनुभव त्याचे एक उत्तर देतो. त्या वेळी मतदारांना आपला पंतप्रधानही ठाऊक नव्हता. तरीही त्यांनी दिलेल्या नकारामुळे जीविताच्या अधिकाराला मिळालेले संरक्षण आजच्या विद्यार्थ्यालाही लाभत आहे. प्रेरणा देणारा उमेदवार लाभणे हे मतदाराचे भाग्य होय. तो नसताना धोका ओळखून मत देणे आणि त्या मताचा अर्थ विजेत्याला नंतरही ऐकवत राहणे, हे त्याचे कर्तव्य होय.