सांगितलेलें आणि समजलेलें

आपल्या शहापूर-मुरबाड भागांतील तरुण शाळा सोडल्यावर कामासाठीं दूरवर पांगतात. कोणी आसनगांवच्या कारखान्यांत जातो, कोणी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतींत, तर कोणी भिवंडीच्या गोदामांत. कित्येक मुलगे व मुली पहांटेची लोकल धरून कल्याण-मुंबईच्या कचेऱ्यांत आणि इस्पितळांत कामावर रुजू होतात. कष्टांची संवय त्यांना घरींच लागलेली असते. भाताच्या लावणीच्या वेळीं दिवसभर चिखलांत वांकून राहिलेल्या मुलास आठ तासांचें काम जड वाटत नाहीं. तरीहि पहिल्या वर्षीं त्यांच्यापैकीं अनेकांना एक अडचण सतावते, आणि ती हातापायांची नसून जिभेची व कानाची असते. वरिष्ठानें कांहीं काम सांगितलें. तें अर्धेंच समजलें. पुन्हां विचारण्याची लाज वाटली. म्हणून "हो साहेब" म्हणत मान हलविली. पुढें काम बिघडलें आणि मुलगा कामचुकार ठरला. वस्तुतः तो कामचुकार नव्हता. त्याला सांगितलेलें त्याला समजलेलें नव्हतें, इतकेंच.

सांगितलेलें आणि समजलेलें या दोहोंमध्यें जें अंतर राहतें, तें कशानें मिटतें, याचा विचार या लेखांत आम्ही करणार आहों.

चांगलें बोलणें म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें वक्तृत्वाची स्पर्धा उभी राहते. ती कला मोलाची आहे यांत शंका नाहीं. परंतु कामाच्या जागीं भाषण करण्याचा प्रसंग वर्षांतून एखाद-दुसरा. उलट किती, केव्हां, कोठें, कोणाला, अशा स्वरूपाचे लहान लहान निरोप मात्र दिवसांतून पन्नास वेळां द्यावे व घ्यावे लागतात. अशा निरोपाचें एक विशेष असें कीं, तो सांगणाऱ्याच्या तोंडीं पुरा होत नाहीं. तो ऐकणाऱ्याच्या मनांत पुरा होतो. आणि तेथें तो पुरा झाला कीं नाहीं, हें कळण्याचा खात्रीचा मार्ग एकच आहे: ऐकणाऱ्यानें तो परत सांगणें.

याचें उत्तम उदाहरण पाहण्यास आपणांस फार दूर जावयास नको. मुंबई ते ठाणें हा लोहमार्ग १८५३ सालीं सुरू झाला. तो १८५५ त वासिंदपर्यंत, १८६० त आसनगांवपर्यंत आणि १८६१ त कसाऱ्यापर्यंत येऊन पोंचला. पुढें थळ घाट आडवा उभा होता. तो चढून गाडी इगतपुरीस जाण्यास १८६५ साल उजाडावें लागलें. या घाटांतील चढ असा कीं, ३७ फूट पुढें गेल्यावर गाडी १ फूट वर चढते. पायीं जाणाऱ्या मनुष्यास हा चढ मोठा वाटणार नाहीं, परंतु गुळगुळीत रुळांवरून धांवणाऱ्या जड गाडीस तो फार होतो. म्हणून घाट चढणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांस कसाऱ्याला मागील बाजूनें जादा एंजिनें जोडतात. रेल्वेचे लोक त्यांस 'बँकर' म्हणतात. पुढील एंजिन ओढतें आणि मागील एंजिनें ढकलतात.

आतां विचार करा. पुढील चालक आणि मागील चालक यांच्यामध्यें संपूर्ण गाडीची लांबी असते. एकास दुसऱ्याचें तोंड दिसत नाहीं. पुढच्याची तयारी नसतांना मागच्यानें जोर केला, तर मधल्या डब्यांस व त्यांतील माणसांस धक्के बसतील. म्हणून नियम असा आहे कीं, पुढील चालकानें एक लहान शिट्टी द्यावी. तिचा अर्थ, 'मी निघण्यास तयार आहें.' मागील चालकानें तशीच शिट्टी देऊन ती पोंचल्याचें कळवावें. प्रश्नाची शिट्टी आणि उत्तराची शिट्टी अशी जोडी जुळली म्हणजे निरोप पुरा झाला. हल्लीं चालकांजवळ बोलण्याचीं बिनतारी यंत्रेंहि असतात. तरी उत्तर घेतल्यावांचून पुढें न जाण्याचें तत्त्व बदललेलें नाहीं.

एंजिनाच्या आंतहि हीच शिस्त आढळते. पुढचा सिग्नल दिसतांच चालक व त्याचा सहायक त्याची खूण मोठ्यानें एकमेकांस सांगतात. दोघांनाहि डोळे आहेत, दोघेहि शेजारीं बसले आहेत, मग बोलावयाचें कशाला, असें कोणास वाटेल. परंतु मनुष्य पाहूनहि न पाहिल्यासारखा असूं शकतो. तोंडानें उच्चारलें म्हणजे मन जागें होतें, आणि एकाची चूक दुसऱ्याच्या कानीं पडून जागच्या जागीं सुधारतां येते.

फाटकावरील व्यवस्था तर याहून बोधप्रद आहे. स्टेशनमास्तर टेलिफोनवरून फाटकवाल्यास गाडीची सूचना देतो. फाटक बंद केल्याची खात्री म्हणून फाटकवाला आपल्याजवळच्या कागदावरील एक आंकडा त्यास सांगतो. यास 'प्रायव्हेट नंबर' म्हणतात. तो वहींत नोंदला जातो. येथें नुसतें "हो, हो" चालत नाहीं. कां बरें? कारण 'हो' हा शब्द अर्धवट झोंपेंतहि तोंडांतून निघतो, भीतीनें निघतो, संवयीनें निघतो. कागद काढून आंकडा वाचण्यास मात्र मनुष्यास जागें व्हावें लागतें.

ही शिस्त ढिली पडली म्हणजे काय होतें, याचें एक भयंकर उदाहरण विमानांच्या इतिहासांत नमूद आहे. २७ मार्च १९७७ रोजीं स्पेन देशाच्या टेनेरीफ नांवाच्या बेटावर दाट धुकें पडलें होतें. एकाच धांवपट्टीवर दोन प्रचंड विमानें होतीं. डच विमान एका टोंकास उड्डाणाच्या तयारींत उभें होतें, आणि अमेरिकन विमान त्याच पट्टीवरून हळूहळू पुढें येत होतें. डच विमानांतून जे शब्द उच्चारले गेले, त्यांचा अर्थ 'आम्ही उड्डाणाच्या जागेवर आहों' असाहि होत होता व 'आम्ही उड्डाण करीत आहों' असाहि होत होता. मनोऱ्यावरील अधिकाऱ्यानें प्रथम 'ओके' म्हटलें, आणि मग थांबण्यास सांगितलें. परंतु त्याच क्षणीं अमेरिकन विमानांतूनहि कोणी बोलूं लागल्यामुळें पुढील शब्द डच वैमानिकांस स्पष्ट ऐकूं आले नाहींत. विमान धांवूं लागल्यावर त्यांतील यंत्रज्ञास शंका आली. दुसरें विमान पट्टीवरून बाजूस झालें नाहीं काय, असें त्यानें विचारलेंहि. परंतु मुख्य वैमानिक मोठा अनुभवी, इतरांस शिकविणारा. त्यानें ठामपणें होकार भरला, आणि यंत्रज्ञ पुढें बोलला नाहीं. दोन्ही विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसें मृत्यु पावलीं.

या अपघाताचीं कारणें अनेक होतीं. परंतु त्यानंतर जगभर दोन सुधारणा झाल्या, त्या आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाच्या आहेत. एक, विमानांशीं बोलण्याचे शब्द अधिक नेमके करण्यांत आले, आणि महत्त्वाचा हुकूम 'ओके' म्हणून न स्वीकारतां जसाचा तसा परत म्हणण्यावर भर देण्यांत आला. दुसरी, कनिष्ठानें आपली शंका निर्भयपणें व पुन्हां पुन्हां बोलून दाखवावी आणि वरिष्ठानें ती ऐकून घ्यावी, याचें शिक्षण वैमानिकांस देण्यांत येऊं लागलें. तात्पर्य, विचारणें हें कनिष्ठाचें कर्तव्य आहे आणि ऐकणें हें वरिष्ठाचें.

ऐकणाऱ्याची जबाबदारी अशी असली तरी सांगणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाहीं. हुकूम कसा सांगावा याचा एक नमुना आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासांत आहे. १६७४ च्या राज्याभिषेकापूर्वी श्रीशिवाजी महाराजांनीं चिपळूणकडे छावणी करून राहिलेल्या आपल्या लष्करी अधिकाऱ्यांस एक पत्र पाठविलें. उन्हाळ्यांतच दाणा व गवत वाटेल तसें उडवूं नये, एवढेंच लिहून महाराज थांबले नाहींत. तसें केल्यास पावसाळ्यांत घोडीं उपाशीं मरतील, मग लोक रयतेस लुटूं लागतील, आणि रयतेस वाटेल कीं यांच्यापेक्षां मोगल बरे, अशी पुढची सारी परंपरा त्यांनीं उलगडून दाखविली. रात्रीं दिवा जळत ठेवूं नये असें सांगतांना उंदीर पेटती वात ओढून नेईल व गवतास आग लागेल, हेंहि लिहिलें. कारण कळलें म्हणजे शिपाई हुकूम नुसता पाळीत नाहीं. ज्या प्रसंगाविषयीं हुकूम नाहीं त्या प्रसंगींहि तो योग्य तें करतो. एवढ्या मोठ्या राजास उंदराचा उल्लेख क्षुल्लक वाटला नाहीं, हें प्रत्येक मुकादमानें, मास्तरानें आणि पालकानें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

निरोपाचें रूप कसें असावें हें मुंबईचे डबेवाले शिकवितात. नाणेघाट चढून गेलें कीं मुरबाड तालुक्याच्या पलीकडे जुन्नर तालुका लागतो. तेथील व खेड, आंबेगांव, मावळ या बाजूच्या लोकांनीं हा धंदा सुमारें १८९० पासून चालविला आहे. त्यांच्यांतील कित्येकांचें शिक्षण बेतांचेंच असे. डब्याच्या झांकणावर रंगानें काढलेलीं थोडीं अक्षरें व आंकडे हीच त्यांची चिठ्ठी. तींत डबा कोणत्या भागांतून निघाला, कोणत्या स्टेशनवर उतरावयाचा, कोणत्या इमारतींत व कितव्या मजल्यावर द्यावयाचा, इतकेंच असतें. खाणाऱ्याचें संपूर्ण नांव-गांव तेथें नसतें, कारण डबा पोंचविणाऱ्यास त्याची गरज नसते. ऐकणाऱ्यास जेवढें पाहिजे तेवढें, आणि त्याला वाचतां येईल अशा खुणेनें, हें त्यांतील मर्म होय.

आतां विद्यार्थिमित्रहो, हीं तत्त्वें कामाच्या जागीं कशीं उतरवावीं तें पाहूं.

पहिली गोष्ट, काम ऐकून घेतल्यावर तें आपल्या शब्दांत परत म्हणा. "साहेब, पन्नास खोकीं दुपारीं तीनच्या गाडींत आणि उरलेलीं उद्यां सकाळीं, बरोबर ना?" या एका वाक्यास पांच सेकंदहि लागत नाहींत. असें विचारणाऱ्यास शहाणा वरिष्ठ मंद समजत नाहीं. उलट हा मुलगा लक्ष देतो, अशी त्याची खात्री पटते.

दुसरी गोष्ट, आंकडा, वेळ आणि नांव यांस स्मरणावर सोडूं नका. खिशांत लहान वही व पेन्सिल ठेवा. डॉक्टरांनीं टेलिफोनवरून औषध सांगितल्यास परिचारिकेनें तें लिहून घ्यावें, वाचून दाखवावें आणि बरोबर असल्याचें वदवून घ्यावें, असा चांगल्या इस्पितळांत दंडक असतो. इंग्रजींतील फिफ्टीन आणि फिफ्टी हे शब्द कानास जवळजवळ सारखेच लागतात. पण रोग्याच्या दृष्टीनें पंधरा आणि पन्नास यांत केवढें अंतर आहे!

तिसरी गोष्ट, वाईट बातमी लवकर सांगा. यंत्र बिघडलें, माल कमी पडला, वेळेवर काम होणार नाहीं, हें सकाळीं कळविल्यास उपाय निघतो. संध्याकाळीं कळविल्यास केवळ राग निघतो. आणि चौथी गोष्ट, काम झाल्यावर तें झाल्याचें सांगा. मागच्या एंजिनाची शिट्टी ऐकूं येईपर्यंत पुढचा चालक जसा खोळंबतो, तसा तुमचा वरिष्ठहि खोळंबलेला असतो.

येथें आमच्या पाड्यांवरील मुलांस एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. तुमची घरची बोली ठाकरी असेल, कातकरी असेल, आगरी किंवा कुणबी वळणाची असेल. शाळेंत पुस्तकी मराठी आणि कामावर हिंदी-इंग्रजीची सरमिसळ तुमच्या वांट्यास येईल. उच्चारास कोणी हंसेल या भीतीनें तोंड मिटूं नका. फाटकवाल्याचा आंकडा कोणत्या वळणानें उच्चारला यावर गाडीची सुरक्षितता अवलंबून नसते. तो आंकडा खरा आहे कीं नाहीं, यावर असते. भाषेचें वळण हळूहळू सुधारतें, आणि तें सुधारावेंहि; परंतु नेमकेपणास त्यासाठीं थांबण्याचें कारण नाहीं. समजलें नाहीं हें सांगण्यास कोणत्याहि बोलींत दोन-तीन शब्द पुरतात.

पालकांसहि आमची नम्र विनंति आहे. मुलगा कामावर "हो साहेब" म्हणून गप्प राहतो, तो धडा पुष्कळदां घरींच गिरविलेला असतो. "मोठ्यांना उलट विचारूं नको," असें आपण मुलांस सांगतों. परंतु उलट उत्तर देणें निराळें, आणि उलट विचारून खात्री करून घेणें निराळें. पहिल्यांत उद्धटपणा आहे, दुसऱ्यांत आदर आहे. कारण मोठ्यांचा शब्द वायां जाऊं नये, अशीच त्यांत काळजी असते. मुलास दुकानांत पाठवितांना काय काय आणावयाचें तें त्याच्याकडून परत वदवून घ्या. मुलीनें "कां?" म्हणून विचारल्यास वेळ असेल तेव्हां कारण सांगा. घरांतील कोणाचा टेलिफोन आला तर नांव, वेळ आणि निरोप लिहून ठेवण्याचें काम मुलांस नेमून द्या. या संवयींस पैसा लागत नाहीं, आणि वर्षभरांत त्या अंगवळणीं पडतात.

वर्गांतहि याचा अभ्यास करतां येतो. "समजलें काय?" असें शिक्षकांनीं विचारलें कीं सगळा वर्ग एका सुरांत "हो" म्हणतो. त्या वेळीं ज्यास खरोखर समजलें नसेल त्यानें हात वर करावा, आणि ज्यास समजलें असेल त्यानें तें शेजाऱ्यास सांगून पहावें. सांगतां आलें तर समजलें. अडलें तर कोठें अडलें हें तरी कळलें.

कामांतील श्रेष्ठता म्हणजे कांहीं अलौकिक बुद्धि नव्हे. थोडें बोलावें पण नेमकें बोलावें, शंका असल्यास विचारावें, आणि एकदां 'हो' म्हटलें कीं त्यामागें पूर्ण समज व पूर्ण इच्छा असावी. ज्याच्या 'हो' वर भरंवसा ठेवतां येतो, त्या मनुष्यास कामाची वाण पडत नाहीं. आपल्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या 'हो' ची किंमत अशी व्हावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे.