नव्या पानासाठी एंटर किती वेळा?

सोसायटीच्या वार्षिक अहवालाची फाइल वर्डमध्ये उघडा आणि होम टॅबवरचं उलट्या ‘पी’सारखं बटण दाबा. नवं पान हवं म्हणून एकाखाली एक एंटरच एंटर, सहीची जागा उजवीकडे न्यायला स्पेसबारच्या ठिपक्यांची रांग. खजिनदारांनी वर एक ओळ वाढवली की सगळं घसरतं आणि सचिवांचं नाव एकटंच पुढच्या पानावर जाऊन बसतं. कंट्रोल आणि एंटर एकदाच एकत्र दाबलं असतं तर पान हवं तिथेच तुटलं असतं.

प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी दिसणारं ते उलटं ‘पी’ वाटतं तितकं साधं नाही. मजकूर डावीकडे की मध्यभागी, ओळींत अंतर किती, ही परिच्छेदाची सगळी माहिती वर्ड त्या चिन्हात साठवतं. चिन्हासकट कॉपी केलंत तर मांडणीही सोबत येते. ते वगळलंत तर मांडणी मागेच राहते.

पडद्यावर दिसेल तसंच कागदावर छापणं ही कल्पना झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रातली. १९७४ मध्ये बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी आणि सहकाऱ्यांनी तिथे ‘ब्राव्हो’ हा लेखनाचा प्रोग्रॅम तयार केला. सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये वर्ड बाजारात आलं. स्टाइल शीटची, म्हणजे मांडणी एकदा ठरवून हवी तिथे लावायची सोय तेव्हापासूनची आहे. तरी आपण आजही प्रत्येक मथळा निवडतो, ठळक करतो, मोठा करतो, मध्यभागी आणतो; आणि निम्म्यात गेल्यावर आधी १६ पॉइंट केला होता की १८, हेच आठवत नाही. (७२ पॉइंट म्हणजे एक इंच, एवढं लक्षात ठेवलं तरी अंदाज येतो.) त्याऐवजी मथळ्यावर कर्सर ठेवून कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबा. ‘हेडिंग १’ लागलं! उद्या अध्यक्षांना रंग पटला नाही तर ती स्टाइल एकदा बदला, सगळे मथळे आपोआप बदलतील. शिवाय त्यांच्यावरून अनुक्रमणिका तयार होते, ती वेगळीच.

छोट्या कामाला एकीकडची सजावट उचलून दुसरीकडे लावणारं रंगाच्या ब्रशचं बटण पुरे. त्यावर दोनदा क्लिक केलं की ब्रश हातातच राहतो, हवा तितक्या ठिकाणी फिरवा आणि एस्केप दाबून सोडा. हे ठाऊक नसलेले लोक दर वेळी वर जाऊन ब्रश पुन्हा उचलतात. बघवत नाही!

आता मराठीची खास दुखणी. इंग्रजीचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट वर्ड वेगवेगळे लक्षात ठेवतं. आकार आणि ठळकपणासुद्धा. म्हणून स्टाइलमध्ये फॉन्ट बदलला तरी मराठी मजकूर ढिम्म हलत नाही. कंट्रोल आणि डी दाबून उघडणाऱ्या खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा वेगळा कप्पा असतो, देवनागरीची सूत्रं तिथे. तो दिसत नसेल तर आधी संपादनाच्या भाषांत मराठी जोडा.

शिफ्ट आणि एफ३ दाबलं की इंग्रजी अक्षरं लहानाची मोठी होतात. आपल्याकडे ती भानगडच नाही, त्यामुळे ही कळ मराठीपुरती बेकार. उलट कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस ही कळजोडी जणू आपल्यासाठीच केली असावी. ‘पु. ल. देशपांडे’ लिहिताना ‘पु.’ ओळीच्या टोकाला आणि ‘ल.’ खालच्या ओळीत, असं होऊ द्यायचं नसेल तर आद्याक्षरांमध्ये साधी स्पेस न देता ही न तुटणारी स्पेस द्या.

कंट्रोल आणि स्पेस दाबलं की अक्षरांवरचं वेगळं केलेलं फॉरमॅटिंग साफ होतं. इंटरनेटवरून उचललेल्या मजकुरावर हा रामबाण. पण जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या फाइलवर चुकूनही वापरू नका. त्या फाइलमध्ये आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, मराठी दाखवतो तो फॉन्ट. फॉन्ट गेला की लेखाची जागा अगम्य चिन्हं घेतात. असं झालंच तर घाबरू नका, लगेच कंट्रोल आणि झेड दाबा.

आणि दिवाळी अंकाला लेख पाठवणाऱ्यांना एक विनंती. शीर्षक स्पेसबारने मध्यभागी ढकलू नका, परिच्छेदांमध्ये रिकामे एंटर घालू नका. अंक इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लागत असेल तर तुम्ही दिलेल्या स्टाइल्स थेट तिथल्या स्टाइल्सशी जोडता येतात. बाकीची सजावट ऑपरेटर आधी पुसतो आणि मगच कामाला लागतो.